गोव्यातील दोन वास्तू

प्रवासाला निघालेला मनुष्य काय पाहावयाचे हे बहुधा घरीच ठरवून निघतो, आणि परतल्यावर जे सांगतो तेही बहुधा पूर्वी कोणीतरी सांगितलेलेच असते. आम्हीही ह्या नियमाला अपवाद नव्हतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेतील चार सहकाऱ्यांसह आम्ही वडोदऱ्याहून गोव्यास गेलो, ते समुद्र पाहावा आणि मंगेशी-शांतादुर्गेचे दर्शन घ्यावे एवढ्याच हेतूने. जुन्या गोव्यातील 'से' कॅथीड्रलच्या वाट्याला आमच्या कार्यक्रमातील एक सकाळ आली होती. परंतु त्या सकाळी मनात जो विषय उभा राहिला तो परतल्यावरही मिटला नाही. तो मराठी वाङ्मयाच्या आणि मराठी शाळांच्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे होईल. आमच्या शाळेत गुजराती माध्यमाबरोबर मराठी माध्यमाचेही वर्ग आहेत. एके काळी मराठी पहिलीच्या दोन तुकड्या भरत असत. आता एका बाकावर मावतील एवढीच मुले येतात. मराठी घरांतील पुष्कळ मुले गुजराती किंवा इंग्रजी शाळांत जातात, आणि त्यांच्या पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. येत्या वर्षापासून मराठी पहिलीचा वर्ग चालू ठेवावा किंवा कसे, ह्याविषयी मुख्याध्यापक ह्या नात्याने आमचा अभिप्राय व्यवस्थापक मंडळींनी मागविला होता. तो कोरा कागद प्रवासभर आमच्या पिशवीत होता. पुढे जे लिहिले आहे ते त्या कागदाच्या ओझ्यासह पाहिलेले आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

कोकण रेल्वेच्या करमळी स्थानकावर उतरले की जुने गोवे अगदी जवळ. गाव म्हणावे असे तेथे आता फारसे काही नाही. हिरवळ, माडांच्या रांगा, आणि त्यांतून उभी असलेली प्रचंड चर्चे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेचे राजधानीचे शहर होते आणि त्याची वस्ती दोन लाखांच्या घरात गेली होती असे सांगतात. पुढे रोगराईने शहर पोखरले. विजरई १६९५ साली पणेलीस राहावयास गेले, १७५९ मध्ये पणजीस गेले, आणि १८४३ साली पणजीलाच राजधानीचा मान मिळाला. माणसे गेली, घरे पडली, त्यांचे चिरे दुसरीकडच्या बांधकामांस लागले. देवाची घरे तेवढी राहिली. १९८६ साली युनेस्कोने ह्या चर्चांचा व मठांचा जागतिक वारशात समावेश केला. तेव्हापासून आमच्यासारख्या प्रवाशांचा ओघ वाढलेलाच आहे.

'से' ह्या एकाक्षरी नावाने आमच्या मंडळींना प्रथम गोंधळात टाकले. हा पोर्तुगीज शब्द लॅटिनमधील आसनवाचक शब्दापासून आलेला आहे. 'कॅथीड्रल' ह्या शब्दाच्या मुळाशीही बिशपाची खुर्चीच आहे. आपल्याकडे शंकराचार्यांच्या स्थानाला जसे 'पीठ' म्हणतात, तसेच हे म्हटले म्हणजे अर्थ सहज उलगडतो. गोव्यास बिशपाचे पीठ १५३४ साली स्थापन झाले; पुढे ते आर्चबिशपाचे झाले, आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीन-जपानपर्यंतचा प्रदेश त्याच्या अधिकाराखाली आला. अशा पीठाला साजेसे मंदिर हवे म्हणून १५६२ साली ह्या वास्तूचे काम सुरू झाले. खर्च राजाच्या खजिन्यातून झाला. मुख्य काम पुरे व्हावयास १६१९ साल उजाडले, आणि वेदीचे काम तर १६५२ पर्यंत चालले होते.

हे मंदिर अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनला वाहिलेले आहे. आफोंसो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवे जिंकले, तो दिवस ह्या संत स्त्रीच्या स्मरणाचा होता. म्हणजे नाव एका साध्वीचे, परंतु स्मरण एका लष्करी विजयाचे. गंमत अशी की, ही कॅथरीन परंपरेने विद्वानांची व विद्यार्थ्यांची कैवारी मानली जाते. सम्राटाने आणविलेल्या पन्नास तत्त्वज्ञांना तिने वादात जिंकले, आणि म्हणूनच तिला प्राण गमवावे लागले, अशी तिची कथा आहे. मुख्य वेदीवरील सोनेरी कोरीव फलकांत तिच्या जीवनातील व बलिदानातील प्रसंग दाखविलेले आहेत. शिक्षकांच्या तुकडीने त्यांच्यापुढे थोडे अधिक रेंगाळावे हे स्वाभाविकच होते.

वास्तू जांभ्या चिऱ्यांची असून तिला चुन्याचा शुभ्र गिलावा आहे. लांबी सुमारे अडीचशे फूट, रुंदी सुमारे एकशेएक्याऐंशी फूट, आणि दर्शनी भागाची उंची सुमारे एकशेपंधरा फूट. पूर्वाभिमुख दर्शनी भागाकडे पाहताना तोल एका बाजूला गेल्यासारखा वाटतो, कारण मूळच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला आणि तो पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात 'सोनेरी घंटा' ह्या नावाने प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. आत पाऊल टाकताच बाहेरचे ऊन आणि कोलाहल दोन्ही मागे राहतात. दोन्ही बाजूंस उपमंदिरे, उजेड उंचावरून उतरणारा, आणि समोर वेदीचे सोने. आमच्या चित्रकलेच्या सहकाऱ्यांनी दारातच सवयीने पादत्राणे काढली. तेथील वृद्ध सेवकाने ती पुन्हा घालावयास सांगितले नाही. तो नुसता हसला.

प्रवासी एवढे पाहतो आणि बाहेर पडतो. परंतु बाहेरच्या चौकात आमचे इतिहासाचे सहकारी थबकले. हे गृहस्थ गुजराती असून वाचन दांडगे आहे. ते म्हणाले, "साहेब, तो वाडा कुठे होता?" त्यांचा रोख इन्क्विझिशनच्या वाड्याकडे होता. ह्याच चौकाला लागून आदिलशाही काळातील एक राजवाडा होता. प्रथम त्यात विजरई राहत. १५६० साली गोव्यात धर्मन्यायासन स्थापन झाले तेव्हा तो त्याच्याकडे गेला. लोक त्याला नुसते 'ओर्ले घर', म्हणजे मोठे घर, म्हणत. शार्ल देल्लाँ नावाचा फ्रेंच वैद्य १६७४ ते १६७६ ह्या काळात तेथे कैदेत होता, आणि १६८७ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या हकीकतीमुळे तेथील कारभार युरोपास कळला. मधली काही वर्षे वगळता हे न्यायासन १८१२ पर्यंत चालू होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाडा पाडला गेला, आणि आज त्या जागी पाहावयास काही उरलेले नाही. ज्या सत्तेने हे मंदिर बांधले तिनेच ते घरही चालविले. शेजारच्या रिकाम्या जागेचा विचार केल्याशिवाय उभ्या वास्तूचा अर्थ लागत नाही.

आमच्या सहकाऱ्यांनी मग दुसरा प्रश्न विचारला, आणि तोच ह्या लेखाचे निमित्त ठरला. "हे बांधकाम सत्तावन्न वर्षे चालले. ते रोज डोळ्यांदेखत वर चढताना पाहणारा, आपल्या ओळखीचा कोणी माणूस त्या काळी गोव्यात होता का?" आम्ही क्षणभर विचार केला आणि म्हटले, "होता. मराठीचा एक कवी होता."

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातला. जन्म सुमारे १५४९ चा. १५७५ साली रोम येथे तो जेझुइट संघात दाखल झाला, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजात बसला, आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरला. त्या वेळी कॅथीड्रलचे काम सुरू होऊन सतरा वर्षे झाली होती. त्यानंतर मृत्यूपर्यंतची चाळीस वर्षे त्याने गोव्यात, मुख्यतः साष्टी प्रांतात, घालविली आणि १६१९ साली देह ठेवला. १६१९ हेच कॅथीड्रलचे मुख्य काम पुरे झाल्याचे साल. म्हणजे स्टीफन्सच्या गोव्यातील संपूर्ण वास्तव्यात ती वास्तू अपुरीच होती. चिऱ्यावर चिरा चढत असता तिकडे साष्टीत हा मनुष्य ओवीवर ओवी रचीत होता. एकाच काळात, एकाच धर्मासाठी, एकाच सत्तेच्या छायेखाली ह्या दोन वास्तू उभ्या राहिल्या. प्रवासी पाहतो ती एक. दुसरी आमच्यासारख्या मराठीच्या शिक्षकांनी दाखवावयाची.

ह्या दुसऱ्या वास्तूचा पाया निर्मळ होता असे म्हणण्याचे आमच्या मनात नाही. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली. कित्येक दैवते भक्तांनी रातोरात नदीपलीकडे नेली. मंगेशी आणि शांतादुर्गा आज अंत्रूजात आहेत त्या ह्याच उलथापालथीमुळे. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले, आणि पुढे त्या गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. कुंकळ्ळीस पडलेल्या आपल्या बांधवांचे देह परत मिळविण्याचे काम ज्याने केले तो स्टीफन्सच होता. तेव्हा त्याने जे लिहिले ते काही शांत आश्रमात बसून लिहिलेले नव्हे. दोन्ही बाजूंचे रक्त सांडलेल्या प्रांतात, जिंकणाऱ्यांच्या बाजूला राहून लिहिलेले आहे.

त्याच्या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीस विनवितो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला वाचावयास दुसरी का देत नाही? आमच्या मते संपूर्ण ग्रंथात ह्याहून अधिक हृदयद्रावक स्थळ नाही. देऊळ गेले, देव गेला, नाव बदलले. तरीही त्या माणसाला पुराणश्रवणाची भूक आहे, आणि ती त्याच्याच भाषेतल्या ओवीने भागणार आहे. ही भूक स्टीफन्सला कळली, ह्यातच त्याचे मोठेपण आहे.

त्याने रचलेला ग्रंथ आज आपण 'ख्रिस्तपुराण' ह्या नावाने ओळखतो. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात छत्तीस आणि दुसऱ्यात एकोणसाठ प्रकरणे असून त्यांना त्याने 'अवस्वरु' असे म्हटले आहे. एकंदर ओव्या सुमारे अकरा हजार. पहिला भाग विश्वोत्पत्तीपासूनचा जुन्या कराराचा आणि दुसरा ख्रिस्तचरित्राचा. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. मराठी श्रोत्याच्या मनात ज्या शब्दांना आधीच मान आहे, तेच शब्द तो नव्या आशयासाठी वापरतो. ज्या वर्षांत तो मराठी शिकत होता त्याच वर्षांत पैठणास एकनाथ ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करीत होते, आणि १५९९ साली एकनाथांनी देह ठेवला तेव्हा स्टीफन्सला गोव्यात येऊन वीस वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ओवी हा त्या काळी केवढा जिवंत छंद होता हे कळते. भाषेविषयी त्याची दृष्टी किती सूक्ष्म होती ह्याचा दुसराही पुरावा आहे. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते असे नमूद केले आहे. विल्यम जोन्सचे त्याच विषयावरील विख्यात व्याख्यान १७८६ चे आहे.

पुराण १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. ह्याचे कारण अनास्था हे नव्हते. गोव्यास छापखाना १५५६ सालीच आला होता, परंतु इकडील लिपीचे खिळे नव्हते. १६०८ च्या एका पत्रात स्टीफन्सने आपल्या वरिष्ठांस लिहिले आहे, की ह्या लिपीला सहाशे साचे लागतात, ते दोनशेवर आणता येतील, तेव्हा परवानगी असावी. ती योजना त्याच्या हयातीत सिद्धीस गेली नाही. देवनागरी खिळ्यांनी मराठीचे व्याकरण छापले गेले ते पुढे १८०५ साली, बंगालमधील श्रीरामपूर येथे, विल्यम कॅरीच्या हातून. आपल्या लिपीचे खिळे मिळाले नाहीत म्हणून स्टीफन्स थांबला नाही. मिळेल त्या अक्षरांत त्याने मराठी छापली.

त्याने केवळ मराठीचाच अभ्यास केला असेही नव्हे. मुलाबाळांस व सामान्य जनांस शिकवावयाची धर्मप्रश्नोत्तरी त्याने कोंकणीत लिहिली, ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूरलाच छापली गेली. आणि त्याने रचलेले कोंकणीचे व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. घरातल्या बोलीसाठी कोंकणी आणि ग्रंथश्रवणासाठी मराठी, असा त्या काळच्या साष्टीतील व्यवहार त्याने ओळखला होता. ह्या दोन भाषांच्या नात्याविषयी गोव्यात पुढे फार वाद झाले. त्यांत शिरण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. स्टीफन्सच्या घरी दोघी नांदल्या, एवढे मात्र खरे.

आता ह्या दोन वास्तूंचे पुढे काय झाले ते पाहू. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने मांडवीतले जुवे बेट घेतले. शहर आता हातचे जाते असा प्रसंग आला. तेव्हाचा विजरई फ्रांसिश्कु द ताव्हरा, म्हणजे आल्व्होरचा काउंट, ह्याने संत झेवियरच्या शवपेटीपाशी आपला अधिकारदंड ठेवून धावा केला, ही कथा प्रसिद्ध आहे. मोगल फौज जवळ आल्याने मराठे माघारी वळले आणि गोवे बचावले. त्यानंतर सातच महिन्यांनी, २७ जून १६८४ रोजी, त्याच विजरईने फर्मान काढले, की गोव्यातील लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज भाषेतच बोलावे. ज्या सत्तेच्या छापखान्यातून अडुसष्ट वर्षांपूर्वी अकरा हजार मराठी ओव्या बाहेर पडल्या होत्या, तिलाच आता त्या भाषेची भीती वाटू लागली. पुढे १७४५ मध्ये तेथील आर्चबिशपाने तर पोर्तुगीज न येणाऱ्यांच्या विवाहासही मनाई केली.

ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्या तिन्हींची एकही छापील प्रत आजवर हाती लागलेली नाही. न्यायाने पाहता ग्रंथ तेथेच संपावयाचा. परंतु तो लोकांच्या तोंडी होता. साष्टीच्या चर्चांत रविवारी व सणावारी तो गाइला जात असे. लोकांनी तो हाताने उतरून घेतला. जी ख्रिस्ती कुटुंबे गोवे सोडून दक्षिणेस मंगळूरकडे गेली त्यांच्यातही ह्या प्रती राहिल्या. अशा हस्तलिखितांवरूनच जे. एल. साल्डान्हा ह्यांनी १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीतच. लंडन येथील मार्स्डेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित असल्याचे पुढे जस्टिन अ‍ॅबट ह्यांनी निदर्शनास आणले. १९५६ साली पुण्यास शांताराम बंडेलू ह्यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा कोठे सामान्य मराठी वाचकास तो आपल्या अक्षरांत वाचता आला. छापल्यापासून तीनशेचाळीस वर्षांनी! मधल्या काळात त्याला राजाश्रय नव्हता, शाळा नव्हती, अभ्यासक्रम नव्हता. होते ते फक्त उतरून घेणारे हात आणि ऐकणारे कान.

हे सारे आम्ही चौकातील झाडाखाली बसून सहकाऱ्यांस सांगितले. इतिहासाचे सहकारी म्हणाले, "साहेब, मग पुन्हा एकदा आत जाऊ या." आम्ही पुन्हा आत गेलो. १६१९ साली ज्या क्रुसावर ख्रिस्ताचे दर्शन घडले अशी श्रद्धा आहे, तो जेथे ठेवलेला आहे त्या उपमंदिरापाशी एका कुटुंबातील तीन-चार स्त्रिया गुडघे टेकून जपमाळ म्हणत होत्या. आम्ही कान दिला. प्रार्थना कोंकणीत चालली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ ह्या काळानंतर, जगभर लोकभाषांतून उपासना होऊ लागली आणि गोव्यातही कोंकणी वेदीपर्यंत पोचली, हे आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होते. परंतु पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या छताखाली ऐकणे वेगळे. भिंतींवरील व थडग्यांवरील जुने लेख लॅटिन-पोर्तुगीजमध्ये आहेत. आमच्या पाच जणांपैकी एकालाही ते वाचता येत नव्हते. त्या स्त्रियांची प्रार्थना मात्र आम्हा सर्वांना, गुजराती सहकाऱ्यांनासुद्धा, थोडीबहुत कळत होती. पोर्तुगीज सत्ता १५१० पासून १९६१ पर्यंत चारशेएक्कावन्न वर्षे येथे होती. ज्या भाषेला तिने तीन वर्षांची मुदत दिली, ती भाषा सत्तेनेच बांधलेल्या मंदिरात बसून देवाशी बोलत होती.

येथे एखादा वाचक म्हणेल, की ही तर समाधानाची गोष्ट झाली. भाषा मरत नाहीत, मग चिंता कशाची? आम्हांस तसे वाटले नाही. उलट परतीच्या गाडीत आम्ही अस्वस्थच होतो. कारण वडोदऱ्याचे आम्ही मराठी लोक मुळात जिंकणाऱ्यांच्या बाजूचे. अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेमागून आमचे पूर्वज, कोणी कारकून म्हणून, कोणी पुराणिक म्हणून, गुजरातेत आले. आमची भाषा दोनशे वर्षे दरबाराची भाषा होती. सयाजीराव महाराजांच्या मनात असते तर त्यांनाही फर्मान काढता आले असते. त्यांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि प्रजेला प्रजेच्याच गुजराती भाषेतून शिकविले. मराठी मुलांसाठी मराठी शाळाही ठेवल्या. सयाजी साहित्यमालेत गुजराती व मराठी ग्रंथ एकत्र निघाले. १९३१ च्या 'सयाजी शासन कल्पतरू' ह्या कोशात कायद्याच्या एकेका शब्दाला अनेक भाषांतील प्रतिशब्द शेजारी शेजारी बसविले. आल्व्होरचा काउंट आणि सयाजीराव, दोघेही परप्रांतात राज्य करणारे. एकाने भाषेला धोका मानले, दुसऱ्याने ठेव मानली. आज गुजराती बांधवांमध्ये आम्हांला जो स्नेह मिळतो, त्याचे मूळ ह्या फरकात आहे असे आम्ही समजतो.

परंतु १९४९ साली बडोदे संस्थान विलीन झाले आणि दरबार संपला. वडोदऱ्यात मराठी साहित्य संमेलने १९०९, १९२१ व १९३४ साली भरली, आणि २०१८ सालीही भरले; मंडप गजबजले. त्याच शहरात मराठी पहिलीच्या वर्गात बाक रिकामे आहेत. आम्ही आजवर भाषेचा विचार इमारतीसारखा करीत आलो: शाळा आहे, पाटी आहे, परिषद आहे, म्हणजे भाषा आहे. गोव्याने आम्हांस उलट प्रश्न विचारला. आमच्या घरांतून कोणी काही मोठ्याने वाचते काय? कोणी काही उतरून घेते काय? साष्टीतल्या त्या कुटुंबांपाशी शाळा नव्हती, पण वाचन होते. आमच्यापाशी शाळा आहे.

परतल्यावर आम्ही तो कागद भरला. मराठी पहिलीचा वर्ग, मुले कितीही असोत, चालू ठेवावा असे पहिल्या कलमात लिहिले. दुसऱ्या कलमात लिहिले, की शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास मराठी ग्रंथाचे मोठ्याने वाचन व्हावे, आणि त्यास माध्यमाचा विचार न करता मराठी घरांतील सर्व मुलांनी व वडीलधाऱ्यांनी यावे. पहिल्या कलमाचा निर्णय अद्याप झालेला नाही, आणि तो कसा होईल हे आम्हांस सांगता येत नाही. दुसऱ्यास कोणाची मंजुरी लागत नसल्याने ते आम्ही सुरू केले.

तिसऱ्या शनिवारी गुजराती माध्यमातील सहावीचा एक मुलगा आजीस घेऊन आला. आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. त्या त्याने वहीत उतरून आणल्या होत्या. वही उघडून पाहिली तो भाषा शुद्ध मराठी, पण अक्षरे सारी गुजराती. त्याला देवनागरी लिहिण्याचा सराव नव्हता. तीस वर्षांच्या सवयीने आमचा हात लाल शाईच्या लेखणीकडे गेला, आणि तेथेच थांबला. रोमन अक्षरांत तीनशे वर्षे तग धरलेल्या अकरा हजार ओव्या आम्हांस आठवल्या. आम्ही वही मुलाला परत दिली आणि त्याने त्यातूनच वाचावे असे सांगितले. तो वाचू लागला. जेथे तो अडखळे तेथे आजी पुढचा शब्द सांगत असे. देवनागरी त्याला पुढच्या शनिवारपासून शिकवू.